घरी बसलेल्यांचा हक्क

बैलबाजारात हत्ता होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती निःशब्द घासाघीस आठवत असेल. दलाल आणि गिऱ्हाईक यांचे हात उपरण्याखाली जातात, बोटे दाबली जातात, एखाद्याची भुवई किंचित हलते आणि भाव ठरतो. भोवती उभ्या असलेल्या दहा माणसांना तो कळत नाही. कळावा अशी त्यांची अपेक्षाही नसते. बैल ज्याचा, त्याने तो कोणाला द्यावा आणि कितीला द्यावा, हा त्याचा प्रश्न. सरकारला मात्र स्वतःचा बैल नाही. रस्ता, पाण्याची टाकी, शाळेची इमारत यांवर खर्च होणारा पैसा त्या दहा बघ्यांचाच असतो. म्हणून तेथे उपरण्याच्या जागी बंद पाकीट आले. पाकीटही गुप्तच, पण ते ठरल्या वेळी सर्वांसमक्ष फुटते.

ते फुटल्यावर ज्याला काम मिळाले नाही त्याने दाद मागितली, की आपण त्याच्याकडे चीतपट झालेल्या पैलवानाची कुरकूर म्हणून पाहतो. काम मिळाले असते तर हा बोलला असता का, असा आपला सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण त्यामुळे दुसरा सवाल झाकला जातो. नियम मोडून काम दिले, तर अन्याय नेमका कोणावर होतो?

याचे उत्तर एका साध्या उपाहारगृहाच्या प्रकरणात सापडते. जानेवारी १९७७ मध्ये मुंबईच्या विमानतळावर दुय्यम दर्जाचे उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रे चालविण्यासाठी विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागविल्या. किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत दुय्यम श्रेणीच्या हॉटेलचालकांनीच अर्ज करावा, अशी अट होती. सहा निविदा आल्या. सर्वांत मोठी रक्कम, दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे, देऊ करणाऱ्याला ठेका मिळाला. त्याला उपाहारगृहे चालविण्याचा अनुभव होता, पण तो कँटीनचा. जाहिरातीतील अटीत तो बसत नव्हता. याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या रमण दयाराम शेट्टी यांनी निविदाच भरली नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की अट इतकी सैल आहे हे ठाऊक असते, तर आम्हीही भरली असती.

या युक्तिवादाने आम्हांला प्रथम हसू आले होते. शर्यतीत न उतरलेल्याने निकालाविरुद्ध दाद मागावी, हे विपरीतच वाटते. विचार करता मात्र ध्यानात येते, की खरा अन्याय अशाच माणसावर झालेला असतो. हरलेल्या पाच जणांना निदान बोली लावायला मिळाली. जो अट वाचून, ती प्रामाणिकपणे मानून घरी बसला, त्याला तेवढीही संधी मिळाली नाही. सरकारी शब्दावर त्याने विश्वास ठेवला, हाच त्याचा तोटा.

सर्वोच्च न्यायालयाने मे १९७९ मध्ये हे तत्त्व मान्य केले. शासनाने जी कसोटी जाहीर केली तिला शासन स्वतःही बांधलेले आहे, असे न्यायमूर्ती भगवतींनी लिहिले. पुढे हा निकाल असंख्य खटल्यांत आधार म्हणून घेतला गेला. तरीही शेट्टींचे अपील फेटाळले गेले! ते पाच महिने उशिरा आले होते, तोवर ठेकेदाराचे सुमारे सव्वा लाख रुपये खर्च झाले होते, आणि त्यांना कोणा दुसऱ्यानेच पुढे केले आहे, असे न्यायालयाला दिसले. उशिराचे कारण आम्ही मानतो, कारण मध्यंतरी दुसऱ्याचा संसार उभा राहिलेला असतो. हेतूचे कारण मात्र आमच्या गळी उतरत नाही. संतसज्जन निविदा वाचत बसत नाहीत. आकडे तपासतो तो प्रतिस्पर्धी, आणि बहुधा आकसानेच. आग लागल्याची हाक शत्रूने दिली म्हणून ती खोटी ठरत नाही.

किमतीच्या बाबतीत हा पेच अधिक बिकट होतो. शेट्टी प्रकरणात अट सैल केल्याने तिजोरीत अधिक भाडे येत होते. पश्चिम बंगालच्या पुरुलिया वीजप्रकल्पात एका ठेकेदार-गटाच्या दरपत्रकात आकडेमोडीच्या चुका झाल्या. दुरुस्ती मान्य झाली असती, तर तो सर्वांत स्वस्त ठरला असता. उच्च न्यायालयाने तशी मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती नाकारली. म्हणजे दोन्ही वेळा पैशाचा कौल नियम वाकविण्याच्या बाजूने होता. ‘जनतेचा पैसा वाचला’ हे वाक्य ऐकले, की आम्ही आता जरा सावध होतो.

पाकिटे फुटल्यानंतरच्या वाटाघाटींचेही तसेच. सर्वांत कमी दरवाल्याला बोलावून आणखी थोडे कमी करायला सांगणे यात वाईट काय? खडेबाजारात आपण रोज तेच करतो. पण घासाघीस होणार हे ज्याला ठाऊक असते, तो तिच्यासाठी जागा ठेवूनच भाव सांगतो, आणि मग वाचलेला पैसा हा आधी चढविलेलाच असतो. बंद दाराआड आणखी काय ठरले, हे कोणाला कळणार? उपरणे पुन्हा आलेच. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९८ मध्ये अशा वाटाघाटी सर्वांत कमी दरवाल्यापुरत्या मर्यादित केल्या आणि २००७ मध्ये त्याही अपवादात्मक प्रसंगीच कराव्यात, असे बजावले.

आमच्या भागाला लागू असलेला कर्नाटकाचा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा १९९९ चा. निविदेत जाहीर केलेल्या, मोजता येणाऱ्या कसोट्यांवर जी सर्वांत कमी ठरेल ती स्वीकारावी, असे तो सांगतो. निर्णय मान्य नसेल, तर तीस दिवसांत अपिलाची सोयही देतो. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ आल्यापासून बेळगाव-निपाणीच्या माणसाची बेंगळूरुची खेपही वाचली आहे. हे सारे चांगलेच झाले.

पण त्या कायद्यातले अपील आहे ते निविदा भरणाऱ्याला. निपाणीतला एखादा छोटा ठेकेदार, ज्याचे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि ज्याला कन्नड जाहिरात कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागते, तो तीतली अनुभवाची अट ऐकून ‘हे आपले काम नव्हे’ म्हणतो आणि उठतो. चार महिन्यांनी त्याच्याच गल्लीतल्या गटारीचे काम, त्याच्याइतकाच अनुभव असलेला दुसरा कोणी करताना त्याला दिसतो. त्याने कोठलेच पाकीट दिलेले नसते, आणि तीस दिवस केव्हाच उलटलेले असतात.