औषधाने दाखवलेली वाट

ऐन तारुण्यात माणसाचे भान हिरावून घेणाऱ्या स्किझोफ्रेनिया या आजाराचे मूळ मेंदूतच सापडणार, अशी एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाची खात्री होती. त्याचा सहकारी आलोइस अल्झायमर सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप तपासत असे. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराची स्पष्ट खूण त्याने १९०६ मध्ये दाखवली. स्किझोफ्रेनियाची तशी सर्वमान्य खूण मात्र कोणालाच मिळाली नाही.

शरीरात कारण दिसेना, तेव्हा ते घरात शोधले गेले. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी आजाराचा संबंध आईने मुलाला झिडकारण्याशी जोडला. आधीच पिचलेल्या आयांवर त्यामुळे दोषाचेही ओझे आले.

चित्र पालटले ते औषधाने. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात क्लोरप्रोमाझिनने रुग्णांचे भ्रम ओसरू लागले. ते का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उत्तराच्या वाटेवर आपली सर्पगंधा ही वनस्पती आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग नोंदवला होता. तिच्यातल्या रिसर्पिनने निश्चल झालेले ससे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये, ज्यापासून डोपामिन बनते ते एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले आणि डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचा धागा मिळाला. पुढे १९७०च्या दशकात दिसून आले की, क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांपैकी जे औषध डोपामिनचा संदेश घेणाऱ्या डी-२ ग्राहींना अधिक घट्ट चिकटते, त्याची मात्रा कमी लागते. हिशेब चोख जुळला आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे डोपामिनचा अतिरेक, हे सूत्र रूढ झाले.

पण या हिशेबाने औषध कुठे काम करते एवढेच सिद्ध केले होते. आजार कुठे सुरू होतो, हे नव्हे. औषध ग्राहींना काही तासांत अडवते, पण पुरता गुण यायला आठवडे लागतात. कानावर येणारे आवाज अनेकांत ओसरतात. आटलेली उमेद आणि विस्कटलेली एकाग्रता फारशी सावरत नाही. डोपामिनचा सिद्धांत खोटा ठरला नाही. रुग्णांच्या मेंदूच्या खोल भागात डोपामिन जास्त तयार होते, हे पेट-स्कॅनने दाखवले. मात्र तो बहुधा प्रवाहाचा खालचा टप्पा आहे.

वरच्या टप्प्याचा शोध चेतापेशींच्या सांध्यांपर्यंत, म्हणजे सिनॅप्सपर्यंत, गेला. किशोरवयात मेंदू नको असलेले सिनॅप्स छाटतो. ही छाटणी बिघडत असावी, असे अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये सुचवले. २००० मध्ये ग्लँट्झ आणि लुईस यांना मृत रुग्णांच्या पुढच्या मेंदूत, सिनॅप्स ज्यांवर बसतात ते सूक्ष्म काटे विरळ झालेले आढळले. २०१६ मध्ये सी-४ हे रोगप्रतिकारशक्तीचे जनुक पुढे आले. त्याचे काही प्रकार धोका वाढवतात आणि उंदरांत ते सिनॅप्सच्या छाटणीत भाग घेते. २०२४ मध्ये १९१ जणांच्या मेंदूंतील एकेका पेशीची जनुक-हालचाल वाचली गेली. स्किझोफ्रेनियात चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी या दोघींतली सिनॅप्सशी निगडित जनुके एकत्रच मंदावलेली होती. वाढत्या वयातही तशीच मंदी दिसली. अल्झायमर शोधत होता ती खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी होती. इथे घटले होते ते पेशींचे एकमेकींशी सहकार्य.

जनुकांनी तर 'एकच कारण' ही कल्पनाच मोडीत काढली. २०२२च्या एका मोठ्या अभ्यासात धोक्याशी जोडलेल्या जनुकीय जागा २८७ भरल्या. त्यांतल्या बहुतेक बदलांचा एकेकट्याचा परिणाम अगदी किरकोळ, आणि ते निरोगी माणसांतही असतात. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला, तरी निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा दुसरा सुटतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रॉस्पियमला मंजुरी मिळाली. हे औषध डी-२ ग्राहींना हात न लावता ॲसिटिलकोलिनच्या वाटेने काम करते. आता तेच रसायन मूळ कारण मानण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा, कारण प्रत्येक नवे 'एकमेव कारण' सोबत नवा आरोपी आणते. एकेकाळी आरोपी आई होती. आज लग्न जुळवताना 'त्यांच्या घराण्यातच आहे' असे कुजबुजले जाते, तेव्हा आरोपी जनुक ठरते. मेंदूतल्या रेणूंचा इतका बारीक अभ्यास या दोन्ही निवाड्यांना पुरावा देत नाही.