कुंभारणीचे घर आणि साधकाची दया

आश्रमाच्या ओसरीत, पोथ्यांच्या फडताळामागे किंवा खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी ओल्या मातीचे घर बांधताना पुष्कळांनी पाहिली असेल. चिखलाची गोळी तोंडात धरून ती वारंवार येते, कोठडी रचते, तीत काही कीटक आणून भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी त्या मातीला भोक पडते व आतून नवी कुंभारीण उडते. एवढ्या दर्शनावरून लोकांत कीटभ्रमरन्याय रूढ झाला: कोंडलेली अळी भ्रमराच्या ध्यासाने भ्रमरच होते.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. कुंभारणीची एक जात कोळी आणते, दुसरी अळ्या आणते. नांगीच्या दंशाने भक्ष्य लुळे पडते, परंतु ते बहुधा जिवंत राहते व म्हणून कुजत नाही. कुंभारीण त्याच कोठडीत अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी ते भक्ष्य खाऊन वाढते आणि तीच पुढे माशी होते. फ्रेंच निरीक्षक फाब्र (१८२३–१९१५) यांनी अशा शिकारी माश्यांचे व्यवहार वर्षानुवर्षे पाहून लिहून ठेवले. तात्पर्य, कोंडलेला जीव भ्रमर होत नाही. तो भक्षिला जातो.

येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला असा की, दृष्टांत खोटा ठरला तर सिद्धांत ढळतो काय? केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. त्यांची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी आहे. दृष्टांत हा सूत्राचा अर्थ दाखविणारा असतो, सूत्राला आधार देणारा नव्हे. म्हणून ध्यासाचे महत्त्व कुंभारणीवर अवलंबून नाही. तथापि जे असत्य म्हणून कळले, ते केवळ गोड वाटते म्हणून सांगत राहणे साधकाला शोभत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. आत लुळे पडलेले जीव आहेत हे कळल्यावर दयाळू साधकाने ते घर फोडावे काय? फोडले तर कुंभारणीचे पिल्लू मरते, आणि दंश झालेला कोळीही बहुधा वाचत नाही. दयेच्या नावाने दोन्हीकडे हानीच पदरी येते.

यावर कोणी म्हणेल, लीळाचरित्रात श्रीचक्रधरस्वामींनी गुडघ्याखाली आलेल्या सशाचे रक्षण केले, मग येथे उदासीनता का? परंतु त्या लीळेतील भेद ध्यानात घ्यावा. ससा शरण आला होता आणि मारू पाहणारे पारधी मनुष्य होते. स्वामींनी त्यांच्यावर बळ चालविले नाही, त्यांना बोधिले. मनुष्याला विवेक आहे, म्हणून त्याला थांबविता येते. कुंभारीण आपल्या पिलासाठी जे करते ते तिच्या योनीचे वर्तन आहे. तिला बोधही नाही आणि तिच्यावर दोषही नाही.

म्हणजे अहिंसा ही प्रथम साधकाच्या स्वतःच्या हाताची मर्यादा आहे. सृष्टीतील प्रत्येक मरण टाळणे जीवाच्या अधिकारात नाही. आपल्यामुळे मरण न घडू देणे मात्र त्याच्याच अधिकारात आहे. वासनिकांच्या घरी दिवाळीच्या साफसफाईत खराट्याच्या एका फटक्याने असे घर पाडले जाते. तेव्हा क्षणभर थांबून पाहावे. सर्व कोठड्यांना भोके पडली असतील तर घर रिकामे आहे, खुशाल काढावे. तोंडे लिंपलेली असतील तर आत जीव आहे. काही आठवडे वाट पाहावी. ही माशी स्वभावाने गरीब असते, धरल्या-दाबल्यावाचून सहसा डसत नाही.

न पाहता केलेली दया आणि न पाहता केलेली हिंसा यांचा परिणाम पुष्कळदा एकच होतो. म्हणून हात उचलण्यापूर्वी डोळे उघडणे, हाही आचारच होय.