बाजारातील मंदी आणि त्रिविध धृती

मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक जानेवारी २०२० मध्ये ४२,००० च्या वर गेला होता. २३ मार्च रोजी तो २५,९८१ वर बंद झाला, आणि त्या एकाच दिवसात तो ३,९३५ अंशांनी कोसळला होता. महामारीच्या भयाने ज्यांनी त्या दिवसांत समभाग विकून टाकले, त्यांच्या डोळ्यांदेखत नोव्हेंबरमध्ये तोच निर्देशांक पूर्वीच्या उच्चांकापलीकडे गेला. म्हणून जाणते लोक सांगतात की, दीर्घ मुदतीसाठी पैसा गुंतविणाऱ्याने मंदीत विचलित होऊ नये, समभाग धरून ठेवावेत. व्यवहारदृष्ट्या हा उपदेश पुष्कळ अंशी योग्यच आहे. परंतु या धरून ठेवण्यालाच कोणी गीतेतील समत्व म्हणू लागले, तर मात्र विचार करणे अवश्य ठरते.

धरून ठेवणे या अर्थाच्या ‘धृ’ धातूपासूनच ‘धृती’ शब्द झाला आहे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीची सरसकट प्रशंसा केलेली नाही. तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाच्या आकांक्षेने आसक्त होऊन मनुष्य धर्म, काम आणि अर्थ ज्या धृतीने धरून ठेवतो, ती राजस होय. आज भाव पडला आहे, दहा वर्षांनी दुप्पट होईल, या आशेने स्वस्थ बसणाऱ्याची धृती याच जातीची. हे दूषण नव्हे. अर्थ हा गृहस्थाचा पुरुषार्थच आहे. मात्र लोभाने थोडा धीर धरला एवढ्यावरून त्याला निष्कामता म्हणता येत नाही.

शिवाय त्या आशेला कोणाची हमी आहे? टोकियोच्या बाजारातील निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर पोहोचला होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. चाळिसाव्या वर्षी त्या शिखरावर पैसा गुंतविणारा मनुष्य तोवर चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. मधल्या काळात लाभांश मिळाला असेल, हे खरे. पण भाव लवकरच परत येईल, या एकाच आधारावर उभा असलेला धीर विसाव्या वर्षी कशाला धरून राहणार?

तामस धृतीचे वर्णन तर अधिक मार्मिक आहे. दुर्बुद्धी मनुष्य जिच्या योगाने निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद सोडत नाही, ती तामस. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची स्वतःच कबुली दिली आणि त्या दिवशी तो समभाग तीन-चतुर्थांशांहून अधिक घसरला. अशी घसरण म्हणजे येणारी-जाणारी मंदी नव्हे. येथे मूळच किडलेले असते. तरीही ‘घेतलेल्या भावाखाली विकणार नाही’ असा हट्ट धरणारा वस्तुतः समभाग धरून बसलेला नसतो, आपला मद धरून बसलेला असतो. गीतेने सहन करावयास सांगितले ते सुखदुःखाचे आघात. डोळे मिटून घ्यावयास सांगितलेले नाही.

सात्त्विक धृती मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रिया आवरते. ती समभागांना धरीत नाही, धरणाऱ्याला धरते. मन असे आवरले म्हणजे मग विचारता येते की, उद्योगाचे काम खालावले आहे की केवळ त्याचा भाव? गुंतविलेला पैसा घराला लवकर लागणारा आहे काय? यातील दुसरा प्रश्न खरे तर मंदीपूर्वीच विचारावयाचा असतो. मुलीच्या पुढील वर्षाच्या शिक्षणाचा पैसा ज्याने बाजारात घातला, त्याला पडत्या काळात शांतीचा उपदेश करणे व्यर्थ आहे. कर्ज काढून समभाग घेणाऱ्याची तर आणखीच कुचंबणा होते. भाव उतरून तारण अपुरे पडले की धनको अधिक रक्कम मागतो आणि ती न मिळाल्यास समभाग विकून मोकळा होतो. तेथे धरावे की सोडावे हा निर्णयच त्याच्या हाती उरत नाही.

उलट, आईच्या औषधोपचारासाठी मार्च २०२० मध्ये पडत्या भावाने समभाग विकणारा आणि नोव्हेंबरातील भाव पाहूनही मनाला टोचणी लागू न देणारा गृहस्थ कल्पावा. बाजाराच्या भाषेत तो धरून ठेवणाऱ्यांत मोडत नाही.