वकील निवडण्याचा धर्म

व्यापारातून उठलेला वाद न्यायालयात नेण्याची वेळ आली, की वकील कोणता करावा हा प्रश्न पुढे येतो, आणि बहुतेक वेळा तो खर्चाचा, ओळखीचा किंवा वकिलाच्या नावलौकिकाचा प्रश्न म्हणून सोडवला जातो. वस्तुतः तो धर्माचाही प्रश्न आहे. येथे धर्म म्हणजे उपासना नव्हे, तर माणसाने माणसाशी कसे वागावे याचे बंधन. आपले म्हणणे मांडण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले, म्हणजे त्या म्हणण्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारीही त्याच्याकडे जाते काय, हा त्यातील कळीचा मुद्दा असून, त्याचे उत्तर जसे द्यावे तशी वकिलाची निवडही बदलते.

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पुणे–नाशिक रस्त्यावरील नारायणगाव आणि आळेफाटा या बाजारगावांच्या टापूत, कुकडीच्या पाण्यावर द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा पिकवणाऱ्या या भागात शेती हाच मोठा व्यापार आहे, आणि त्याचा बराचसा भाग शब्दावर चालतो. द्राक्षाचा सौदा बागेतच ठरतो, व्यापारी विसार, म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम, हातावर ठेवतो, माल तोडून पेट्यांत भरला जातो, वजनाची चिठ्ठी मिळते आणि उरलेल्या रकमेचा वायदा तोंडी होतो. वायदा टळला, धनादेश वटला नाही, किंवा माल पोहोचल्यावर मणी तडकल्याची तक्रार काढून दर पाडला गेला, म्हणजे वाद उभा राहतो. आणि तो सिद्ध करण्यासाठी बागायतदाराच्या हाती चिठ्ठ्या, बँकेचा उतारा आणि मोबाइलमधले काही संदेश एवढेच उरते.

वकिलाच्या आधी येतो तो वाद करावा की करू नये हा प्रश्न. वारकरी परंपरा ज्यांना तुकोबांचे गुरू मानते त्या बाबाजी चैतन्यांची समाधी याच तालुक्यात ओतूरला आहे, आणि तुकोबांनी आपल्या येण्याची कागदपत्रे इंद्रायणीत सोडली ही कथा या मुलखात घरोघर ठाऊक आहे. वाण्याचा व्यवसाय आणि महाजनकी असलेल्या घरातील पुरुषाने हक्काच्या पैशावर पाणी सोडले, तर वारी करणाऱ्या बागायतदाराने वसुलीसाठी दावा लावणे हा लोभ ठरतो काय, अशी शंका भाविक मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु परंपरेने जपलेल्या त्याच कथेत एक बारकावा आहे, आणि नैतिक विचाराला तोच अधिक मोलाचा आहे: तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले, धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांच्या हवाली केला आणि केवळ आपला वाटा नदीला दिला. त्याग स्वतःच्या हक्काचा करता येतो, दुसऱ्याच्या हक्काचा नाही. द्राक्षाच्या थकलेल्या बिलात तोडणीच्या मजुरांची मजुरी, औषधदुकानाची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि भावकीचा हिस्सा गुंतलेला असेल, तर ते बिल सोडून देणे हा वैराग्याचा नव्हे, जबाबदारी टाळण्याचा मार्ग ठरतो. अशा वेळी दावा लावणे धर्म्य आहे. मात्र तो कसा चालवला जातो यावर त्याचे धर्म्यत्व टिकून राहते.

दावा कसा चालवावा याचा विचार भारतीय परंपरेने फार पूर्वी केला आहे. धर्मशास्त्रात ‘व्यवहार’ म्हणजे न्यायालयीन वाद, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका, जी अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात व बाराव्याच्या आरंभी राज्य करणाऱ्या कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने लिहिली गेली, या व्यवहाराचे चार पाद सांगते: भाषा म्हणजे वादीचे निवेदन, उत्तर म्हणजे प्रतिवादीचे म्हणणे, क्रिया म्हणजे पुरावा, आणि साध्यसिद्धी म्हणजे दाव्यातील मागणी सिद्ध झाली की नाही याचा निकाल. राजाने छल, म्हणजे बोलण्यातील चूक पकडून मिळवलेला विजय, बाजूला सारावा आणि भूत, म्हणजे प्रत्यक्षात जे घडले ते, पाहून निर्णय करावा, असा याज्ञवल्क्याचा दंडक आहे. एकत्र व्यापार करणाऱ्यांच्या प्रकरणात तोच स्मृतिकार कपट करणाऱ्या भागीदाराला नफा न देता दूर करण्यास सांगतो, आणि ज्याला आपले काम स्वतः करणे शक्य नाही त्याला ते दुसऱ्याकडून करवून घेण्याची मुभा देतो.

दुसऱ्याने आपल्या वतीने बोलण्याची सोयही या शास्त्रात आहे, पण तिला अट आहे. भाऊ, पिता किंवा पुत्र नसताना आणि कोणी नेमलेले नसताना जो परक्याच्या वतीने न्यायसभेत बोलतो तो नारदस्मृतीच्या मते दंडास पात्र आहे. उलट, रीतसर नेमलेला प्रतिनिधी बोलला, तर जय किंवा पराजय त्याचा नसून ज्याच्यासाठी तो बोलला त्याचा मानला जातो. बोलण्याचे काम सोपवता येते, पण बोललेल्याचे फळ आणि त्याची जबाबदारी सोपवता येत नाही, हा या नियमाचा गाभा आहे.

आजचा कायदा वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी येऊन पोहोचतो. मालाची विक्री, भागीदारी, व्यापारी दस्तऐवज अशा बाबींतील वादाला ‘वाणिज्यिक वाद’ म्हणतात. त्यासाठी २०१५ मध्ये वाणिज्यिक न्यायालयांचा अधिनियम झाला, आणि २०१८ च्या दुरुस्तीने वादाच्या किमान मूल्याची मर्यादा एक कोटीवरून तीन लाख रुपयांवर आणल्यामुळे एका हंगामाच्या द्राक्षबिलाचा वादही त्या चौकटीत येऊ शकतो. अशा दाव्यात दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. पहिली, पक्षकाराने आपल्या ताब्यातील वादाशी संबंधित सर्व कागद, ते आपल्या बाजूचे असोत वा विरुद्ध, न्यायालयापुढे उघड करावे लागतात. दुसरी, आपले कथन सत्य असल्याचे निवेदन शपथेवर द्यावे लागते, आणि त्याखाली सही असते ती पक्षकाराची किंवा त्याने अधिकार दिलेल्या जाणकार माणसाची. वकिलांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरवले, तेव्हा दिलेल्या कारणांपैकी एक हेच होते, की वकिलाच्या कामावर अशिलाचे, म्हणजे त्याला नेमणाऱ्या पक्षकाराचे, बरेच नियंत्रण असते. वकीलपत्रावर सही केल्याने अशील प्रेक्षक होत नाही. तो कर्ताच राहतो.

कर्तेपण असे अशिलाकडेच राहत असेल, तर वकिलाच्या निवडीची कसोटीही त्यातूनच निघते. जो अशिलाला त्याच्या बाजूतील उणीव पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो, तो वकील योग्य. या कसोटीचा अर्थ मोहनदास गांधींच्या आत्मकथेतील एका प्रसंगातून नीट उलगडतो. दक्षिण आफ्रिकेतील एका हिशेबाच्या खटल्यात लवादाचा, म्हणजे न्यायालयाने हिशेब सोपवलेल्या पंचांचा, निवाडा गांधींच्या अशिलाच्या बाजूने लागला होता. परंतु त्यात एक रक्कम चुकून जमा-नावेच्या उलट बाजूला पडल्याचे आढळून आले. गांधींच्याच बाजूने काम पाहणाऱ्या ज्येष्ठ वकिलाचे मत असे, की अशिलाच्या हिताला बाधक असे काही आपण होऊन कबूल करण्यास वकील बांधलेला नाही, कारण कबुली दिली तर सगळा निवाडाच रद्द होण्याचा धोका आहे. गांधींनी चूक मान्य करण्याचा आग्रह धरला, अशिलाने त्यांच्यावर विश्वास ठेवला, ज्येष्ठ वकिलाने त्या भूमिकेवर युक्तिवाद करण्यास नकार दिल्यावर गांधी स्वतः उभे राहिले, आणि न्यायालयाने चूक दुरुस्त करून निवाडा कायम ठेवला. या प्रसंगात गांधींइतकेच श्रेय त्या अशिलाचे आहे. प्रामाणिक वकिलाला प्रामाणिक राहू देणारा अशील नसेल, तर त्या प्रामाणिकपणाला न्यायालयात जागा मिळत नाही.

याच आत्मकथेतील दादा अब्दुल्ला यांचा दावा मोठ्या व्यापाराचा होता. १८९३ मध्ये ज्या कामासाठी गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले, ते काम म्हणजे दादा अब्दुल्लांच्या पेढीने नातलग व्यापारी तय्यब शेठ यांच्यावर लावलेला चाळीस हजार पौंडांचा दावा. अशिलाची बाजू भक्कम आहे हे वह्या तपासून कळल्यानंतरही, वकिलांच्या खर्चात दोन्ही पेढ्या बुडतील हे ओळखून गांधींनी दोघांना लवादाकडे वळवले; निवाडा सुमारे सदतीस हजार पौंड आणि खर्च असा अशिलाच्या बाजूने लागला, आणि एवढी रक्कम एकदम देताना तय्यब शेठ दिवाळखोरीत जातील म्हणून त्यांना हप्ते देण्यास दादा अब्दुल्ला राजी झाले. आजच्या कायद्यानेही तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा नसेल तर वाणिज्यिक दाव्यापूर्वी मध्यस्थीचा मार्ग आधी अवलंबणे बंधनकारक केले असून, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. म्हणून तडजोडीचे नाव काढताच चिडणारा वकील, तो कितीही नामांकित असो, अर्धेच काम जाणतो.

कसोटी नैतिक असली तरी तिचे रूप व्यावहारिक आहे. वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. न वटलेल्या धनादेशाबाबत बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोंदणी नसलेल्या भागीदारी पेढीला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. या गोष्टींची चौकशी पहिल्याच बैठकीत न करता निकालाची हमी देणारा वकील अशिलाला दिलासा देतो, पण त्याची सेवा करीत नाही. विरुद्ध पक्षाशी आपला काही संबंध असल्यास तो उघड करणे, वसुलीच्या रकमेत वाटा न मागणे, आणि अशिलाचे केवळ मुखपत्र न होता त्याला गैरमार्गापासून परावृत्त करणे, ही बंधने भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजे बार कौन्सिलच्या, नियमांनी वकिलावर घातली आहेत. रकमेतील वाट्याला मनाई असण्याचे कारण तात्त्विक आहे: वादात स्वतःच भागीदार झालेल्या माणसाची दृष्टी मोकळी राहत नाही, आणि मोकळ्या दृष्टीसाठीच तर वकील करायचा असतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. न्यायनिवाडा न्यायाधीशाने करायचा असतो. वकीलच आधी न्यायाधीश होऊन बसला, तर ज्याची बाजू कमकुवत दिसते त्याचे म्हणणे कोण मांडणार, आणि समोरचा पक्ष छलाने लढत असताना सत्याला धरून राहणारा वकील केल्याने भोळ्या बागायतदाराचे नुकसान होणार नाही काय? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. कमकुवत बाजूही पूर्ण ताकदीने मांडली जाणे हा न्यायाचाच भाग आहे. परंतु बाजू मांडणे आणि असत्य रचणे यांत भेद आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर असे, की कायद्याचे सखोल ज्ञान, उलटतपासणीतील तिखटपणा आणि मुदतींबाबतची दक्षता यांचे सत्याशी वैर नाही. उलट, अशिलाच्या विरुद्ध जाणारा कागद अशिलाकडूनच आधी कळलेला वकील सावध असतो. तोच कागद प्रतिपक्षाने न्यायालयात काढला, तर अशिलाचे खरे म्हणणेही संशयास्पद ठरते.

म्हणून व्यापारी वादासाठी वकील शोधणाऱ्याने, तो पिंपळवंडीचा बागायतदार असो वा पुण्या-मुंबईचा उद्योजक, वकिलाकडे जाताना सर्व कागद न्यावेत, अडचणीचा कागद सर्वांत वर ठेवावा, आणि तो वाचून वकील काय म्हणतो ते लक्षपूर्वक ऐकावे. जो त्या कागदाला सामोरा जाऊन मार्ग सांगेल त्याच्या हाती वकीलपत्र द्यावे. जो तो कागद दडवायला सांगेल, त्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नयेत.