रिपोर्ट आला, पुढे?

2014-15 च्या सुमारास मुंबई आणि पाटण्यातल्या खासगी दवाखान्यांत चोवीस माणसं खोटा खोकला घेऊन फिरत होती. दोन-तीन आठवडे खोकला आहे, ताप येतो, अशी तक्रार सांगायची. डॉक्टर काय विचारतात, काय लिहून देतात ते लक्षात ठेवायचं आणि बाहेर पडल्यावर नोंदवायचं, हे त्यांचं काम. सगळ्यांचं सोंग सारखं नव्हतं. कुणी आधी अँटिबायोटिक घेऊनही बरं न वाटलेला रुग्ण होता, तर कुणाच्या हातात बेडक्यात टीबीचे जंतू सापडल्याचा रिपोर्टच दिलेला होता. असा रिपोर्ट पुढ्यात ठेवल्यावर डॉक्टरला अंदाज करायचं कारण उरत नाही, असं आपल्याला वाटेल. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळे प्रकार धरून एकूण 2602 भेटी झाल्या होत्या आणि त्यांपैकी फक्त 35 टक्के भेटींमध्ये रुग्णाला मान्य पद्धतीनुसार हाताळलं गेलं होतं.

हे वाचून डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे. पण याच संशोधकांच्या गटाने दिल्लीत केलेल्या आधीच्या अभ्यासात एक अवघड गोष्ट दिसली होती. तोच रुग्ण कागदावर मांडून ‘काय कराल?’ असं विचारलं, तर डॉक्टरांची उत्तरं प्रत्यक्ष दवाखान्यातल्या वागण्यापेक्षा बरीच बरी होती. म्हणजे बेडका तपासायला हवा हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून ते करत नव्हते, आणि त्याला कारणं आहेत. वस्तीतल्या डॉक्टरकडे येणाऱ्या खोकल्यांपैकी बहुतेक खोकले आपोआप बरे होणारे असतात. पहिल्याच दिवशी तपासणीची चिठ्ठी हातात ठेवली, तर रुग्ण ‘साध्या खोकल्याला एवढं?’ म्हणत पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात जातो. मग पाच दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, उतार पडला तर प्रश्न मिटला, नाही पडला तर पुढचं बघू. गोळी हीच तपासणी झाली. घात असा होतो की लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूलाही थोडं दाबतात. ताप उतरतो, रुग्ण खूश होतो, आणि काही आठवड्यांनी जास्त खंगून भलत्याच दवाखान्याच्या बाकावर बसतो.

बरं, टीबी ओळखल्यावर तरी? 1991 मध्ये धारावीतल्या खासगी डॉक्टरांना टीबीसाठी काय लिहून द्याल असं विचारलं, तेव्हा शंभर डॉक्टरांकडून ऐंशी वेगवेगळ्या उपचारयोजना आल्या. मुकुंद उपलेकरांच्या त्या अभ्यासाची पुढे चेष्टाही झाली आणि चर्चाही. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत उपलेकरही होते, तोच प्रश्न त्याच भागात पुन्हा विचारला. 106 डॉक्टरांनी 63 प्रकार लिहून दिले आणि बरोबर औषधयोजना लिहिणारे सहा निघाले. याच डॉ. उदवाडियांनी 2011 च्या शेवटी हिंदुजा रुग्णालयातल्या चार रुग्णांबद्दल एक छोटं पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापलं. प्रयोगशाळेत तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा जंतू दाद देत नव्हता. बातमी फुटल्यावर ‘असा टीबी’ असतो की नसतो, त्याला काय म्हणायचं, यावर सरकारी पातळीवर वाद झाला. पत्रातला खरा भयंकर तपशील त्या वादात बाजूला पडला. चारांपैकी तिघांवर अठरा महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टरांचे उपचार झाले होते आणि राखीव औषधं एकेक करून, चुकीच्या मात्रेत जोडली गेली होती.

एकेक औषध जोडणं का वाईट, याचं उत्तर फार जुनं आहे. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत क्षयाने पुण्यात गेल्या. जंतू माहीत होता, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता आणि त्या माहितीचा रुग्णाला जवळपास काहीच उपयोग नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन यायला चाळीसच्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्याची जी चाचणी 1948 मध्ये प्रसिद्ध केली, ती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने रुग्णांचे गट पाडणारी म्हणून वैद्यकाच्या इतिहासात मोठी मानली जाते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकी चार दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी चौदा. चमत्कारच होता तो. पण पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा औषधाच्या गटातले 32 आणि दुसऱ्या गटातले 35 जण गेलेले होते. एकट्या औषधासमोर जंतूंतले मूठभर चिवट तगले आणि त्यांचीच प्रजा वाढली. तेव्हापासून टीबीच्या तपासणीला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: जंतू आहे का, आणि तो कोणत्या औषधाने मरतो. आपल्याकडे बहुतेक काळ पहिल्याच उत्तरावर समाधान मानलं गेलं.

आणि काही वर्षं तर पहिल्याचंही धड उत्तर न देणारी तपासणी जोरात चालली. रक्तातली प्रतिद्रव्यं मोजून टीबी सांगणाऱ्या चाचण्या गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये होत. रक्त काढणं सगळ्यांना सोयीचं. बेडका द्यायला लाज वाटते, हाताळायला किळस वाटते. पण क्षयाचा जंतू आपल्या देशात कोट्यवधी माणसांच्या शरीरात आजार न करता पडून असतो. त्याच्याशी कधीतरी गाठ पडल्याची खूण आणि आज आजार असल्याची खूण यांतला फरक त्या चाचण्यांना कळत नसे. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आणि 2012 च्या जूनमध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. एवढी वर्षं त्या चालल्या त्या कुणाच्या अज्ञानामुळे, असं मला वाटत नाही. लॅबला पैसे मिळत होते, चिठ्ठी देणाऱ्याला वाटा मिळत होता आणि रुग्णाला छापील कागद मिळत होता.

याच काळात जीनएक्स्पर्ट आलं. बेडक्यात द्रव मिसळून तो कार्ट्रिजमध्ये घालायचा, कार्ट्रिज यंत्रात ठेवायचं, दोन तासांत उत्तर. जंतूचा जनुकीय अंश आहे का ते यंत्र सांगतं आणि आरपीओबी नावाच्या जनुकातल्या एका छोट्या पट्ट्यात बदल झालाय का तेही. रिफाम्पिसिन हे टीबीच्या उपचाराचं मुख्य औषध, आणि त्याला न जुमानणाऱ्या जंतूत बहुतेक वेळा बदल याच पट्ट्यात असतो. एरवी जंतू प्रयोगशाळेत वाढवून तो औषधाला दाद देतो का ते बघण्यात महिना-दोन महिने जात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारत अशा चार देशांतले 1730 रुग्ण होते. भारतातलं केंद्र मुंबईत होतं. सूक्ष्मदर्शकाने पकडलेले 98 टक्के रुग्ण यंत्रानेही पकडले. सूक्ष्मदर्शकातून निसटलेल्यांपैकीही एकाच नमुन्यावर 72 टक्क्यांहून जास्त सापडले. आता टीबी हटणार, असं अनेकांना वाटलं, आणि तसं वाटणं चुकीचं नव्हतं.

मग कुणीतरी खरा प्रश्न विचारला. हे यंत्र दवाखान्यात ठेवलं तर माणसं कमी आजारी राहतात का? दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या दवाखान्यांत नर्सच्या हाती यंत्र देऊन ते तपासलं गेलं आणि 2014 मध्ये उत्तर आलं. त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. रुग्णांच्या प्रकृतीत मात्र मोजण्याजोगा फरक पडला नाही. कारण साधं होतं. तिथले डॉक्टर सूक्ष्मदर्शकाचा रिपोर्ट नकारात्मक आला तरी लक्षणं आणि छातीचा फोटो बघून आधीपासूनच बऱ्याच जणांना औषध देत होते. यंत्राने ज्यांना शोधलं, त्यांतले बरेच जण एरवीही गोळ्यांवर गेलेच असते. माझ्या मते टीबीच्या संशोधनातला हा सगळ्यात शिकण्यासारखा निकाल आहे, आणि नव्या चाचणीची जाहिरात करणारा कुणी त्याचा उल्लेख करत नाही. तपासणी किती अचूक आहे यावर तिची किंमत ठरत नाही. तिच्यामुळे पुढच्या उपचारात काय बदललं, यावर ठरते.

अचूकतेचंही गणित कुणाची तपासणी करतो यावर फिरतं. समजा, यंत्र निरोगी माणसांपैकी 99.2 टक्क्यांना बरोबर निरोगी म्हणतं. खोकणाऱ्या हजार माणसांत वीस जणांना टीबी आहे असं धरा. त्यांतले अठरा सापडले, आणि उरलेल्या 980 पैकी आठ जणांना यंत्राने चुकून टीबी ठरवला. सव्वीस ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्टांत आठ खोटे. आता तेच यंत्र तक्रार नसलेल्या हजार माणसांच्या वस्तीत न्या, जिथे टीबी फक्त तिघांना आहे. खोटे रिपोर्ट पुन्हा आठ, खरे जास्तीत जास्त तीन. यंत्र तेच, कागद तसाच, आणि तरी या वस्तीत हातात आलेला रिपोर्ट बहुतेक वेळा खोटा. सरसकट सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करणारी ‘पॅकेजेस’ घेताना हे गणित कुणी सांगत नाही. म्हणूनच डॉक्टरने आधी प्रश्न विचारायचे, हात लावून बघायचं आणि मग चिठ्ठी लिहायची.

यंत्राला आंधळा कोपराही आहे. इस्वातिनी या छोट्या देशात, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, 2009 च्या सर्वेक्षणातले बहुऔषधरोधी जंतू पुन्हा तपासले तेव्हा त्यांतल्या सुमारे 30 टक्के जंतूंत रिफाम्पिसिनला रोखणारा बदल त्या छोट्या पट्ट्याच्या बाहेर होता. यंत्र अशा रुग्णाला ‘साधा टीबी’ म्हणतं. ज्यांच्यावर औषध चालणार नाही अशांनाच ते औषध देण्याचा सल्ला दिला जातो. अशा औषधरोधी टीबीवर बेडाक्विलिनसारखी नवी औषधं आता सहा महिन्यांच्या तोंडी उपचारात आली, कान बधिर करणाऱ्या इंजेक्शनांपासून सुटका झाली, हे फार चांगलं झालं. पण जीनएक्स्पर्टचं पुढचं, जास्त औषधांबद्दल सांगणारं कार्ट्रिजसुद्धा बेडाक्विलिनबद्दल काही सांगत नाही. औषध पुढे गेलं, त्याची तपासणी मागे राहिली.

यंत्र कुठे ठेवायचं हाही प्रश्न होताच. जीनएक्स्पर्टला सलग वीज आणि थंड खोली लागते. गोव्यातल्या मोलबायो कंपनीने तयार केलेलं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं, आणि 2020 मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. जीनएक्स्पर्टच्या कार्ट्रिजच्या किमतीवरून मोठी आंतरराष्ट्रीय ओरड झाल्यावर 2023 मध्ये त्याची किंमत दहा डॉलरच्या आसपासवरून आठच्या आत आली. ओरड चालू आहे ती योग्यच आहे.

एक तपासणी मात्र याहून कितीतरी स्वस्त आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटाने 2800 टीबी रुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला धान्य दिलं आणि वजन मोजत राहिले. 2023 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. बत्तीस किलोचा माणूस दोन महिन्यांनीही बत्तीसच भरला, तर काहीतरी अडलंय: खायला नाही, औषध पोटात टिकत नाही, किंवा जंतू औषधाला दाद देत नाही. वजनकाटा नेमकं काय अडलंय ते सांगत नाही. पण कुणाच्या घरी आज जायला हवं ते सांगतो, आणि तेही रुग्ण हाताशी असताना. याच गटाने रुग्णांच्या घरच्यांनाही धान्य दिलं, तेव्हा त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास 40 ते 50 टक्क्यांनी घटलं. सरकार टीबी रुग्णाला पोषणासाठी महिना 500 रुपये देत असे. 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 झाले. हजार रुपयांत महिन्याचं पौष्टिक जेवण बसत नाही, हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही कळेल.

तुमच्या घरात, चाळीत, कारखान्यात कुणाला टीबीची औषधं सुरू होणार असतील, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: रिफाम्पिसिन लागू पडतं का, ते तपासलं का? सरकारी क्षयरोग केंद्रात ही तपासणी मोफत होते. आणि गोळ्या सुरू झाल्या की दर महिन्याला वजन करून आकडा त्याच फाईलमध्ये लिहून ठेवा.