चिमणी ठेवली, माठाचं काय?

जुनी इमारत पाडू नये, तिचं हॉटेल करावं, शेजारच्या शेडमध्ये नाटका-चित्रांसाठी जागा काढावी. म्हणजे वारसाही राहतो आणि समाजालाही काही मिळतं, असं हल्ली सगळीकडं बोललं जातं. बोलणारी माणसं शिकलेली असतात. त्यांच्या बोलण्यात 'समाज' हा शब्द घडीघडी येतो. मित्रांनो, या शब्दाचा आपल्याला जुना अनुभव आहे. गावात 'समस्त गावकऱ्यांना' म्हणून दवंडी पिटली जायची, तेव्हा पिटणारा आपलाच माणूस असायचा, आणि त्या समस्तांत तो नसायचा. म्हणून मी आधी विचारतो, कुणाचा समाज?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. पाळी सुटली की वाचतो, कविता लिहितो. तत्त्वज्ञान कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पण इमारत कुणाचं देणं लागते का, लागत असेल तर ते कुणी फेडायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात धोट्यासारखा येरझारा घालतोय. तो मुंबईच्या गिरणगावावर घासून बघायचा आहे.

१८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहायला लागली. पुढं सव्वाशे वर्षं परळ, लालबाग, वरळी, भायखळा भोंग्यावर उठला आणि भोंग्यावर झोपला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मिटला नाही, माणसंच मिटली. मागं राहिली ती जमीन, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमात म्हटलं होतं, मिलच्या जमिनीचे तीन वाटे करा. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटा फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचा, शेडखालच्या जमिनीचा नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तोच बदल कायम केला. म्हणजे ज्या छपराखाली कामगार राबला, नेमकी त्या छपराखालची जमीन वाटणीतून सुटली.

मग त्या छपरांचं काय झालं? काही पडली, तिथं टॉवर आले. काही ठेवली गेली. लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. तिच्या आवारात मॉल आला, पंचतारांकित हॉटेल आलं, आणि जुनी चिमणी शोभेला राहिली. दुसऱ्या आवारांत गोदामांची उपाहारगृहं झाली, स्टुडिओ झाले, चित्रांची दालनं झाली. कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसं मेली. जुन्या आवारात नवा धंदा घातला की नियम कसे वाकवले जातात, ते त्या रात्री साऱ्या शहराला कळलं.

यावर दोन उत्तरं तयार आहेत. पांढरपेशा म्हणतो, निदान वारसा वाचला. लाल झेंड्याचा कॉम्रेड म्हणतो, हे कामगाराच्या थडग्यावरचं हॉटेल आहे. कॉम्रेडचं मला जवळचं वाटतं. पण तेही पुरं नाही. कारण दोघंही मिलकडं एक घर म्हणून बघतात. आपल्यासाठी ते एक घर कधीच नव्हतं.

मिलमध्ये साचे खात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण काय? धोट्यातला धागा तुटला की तो तोंडानं ओढून घ्यावा लागे. उष्ट्या धाग्यानं सवर्ण विणकर बाटणार! त्याच धाग्याचं धोतर नेसताना मात्र कुणी बाटत नव्हतं. आपली माणसं रिंग खात्यात, कमी पगारावर. पाण्याचे माठ वेगळे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. विणकामाची दारं आम्हालाही उघडा ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमचा पाठिंबा धरू नका, असं त्यांनी बजावलं. मालकाविरुद्ध लढताना शेजारी उभ्या असलेल्या कामगाराशीही लढावं लागलं. हा इतिहास चिमणीवर लिहिलेला नसतो.

माझा पणजा मुंबईच्या एका मिलमध्ये रिंग खात्यात होता. आजा सांगायचा, पणज्याला मिलबद्दल विचारलं की तो दोनच गोष्टी बोलायचा. एक, महिन्याच्या महिन्याला रोख पैका हातात पडायचा, कुणाच्या दारात भाकरी मागायला जावं लागत नव्हतं. दुसरी, पाणी प्यायला लांबच्या कोपऱ्यात जावं लागायचं. दोन्ही तो एकाच आवाजात सांगायचा.

मला वाटतं, आपल्या सगळ्या विचाराची जागा इथंच आहे. मिलनं आपल्याला येसकरीतून सोडवलं, आणि माठही वेगळा ठेवला. तिच्या पगारातल्या चार-दोन आण्यांवर आपली चळवळ उभी राहिली. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची बोलणी झाली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरण्यांच्या ऐन वस्तीत. म्हणून मिल गेली म्हणून नुसतं रडणं खोटं आहे, आणि बरं झालं गेली म्हणणंही खोटं आहे. जिथं माणूस एकाच वेळी सुटला आणि बांधला गेला, ती जागा जपलीच पाहिजे. पण जपायची ती दोन्ही हकिकतींसकट. एक हकीकत पुसून जपलं तर त्याला जपणं म्हणू नये. त्याला रंगसफेदी म्हणावं.

आता दाराबद्दल. संविधानाचं कलम १५ काढून त्याचा दुसरा भाग वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत जाण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. लगेच पुढं विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. हॉटेल आणि तलाव एकाच कलमात शेजारी-शेजारी बसवलेत. चवदार तळं कायद्यानं उघडंच होतं. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्येच ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना चालत जावं लागलं. महाडनं शिकवलं ते हेच, की उघडं असणं आणि जाता येणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर कागदानं नाही, पायांनी कापावं लागतं.

मी लोअर परळला एका मिलच्या आवारात गेलो होतो. वॉचमननं अडवलं नाही. फक्त विचारलं, "कुणाकडं जायचंय?" माझ्या पुढं चार जण आत गेले, त्यांना नाही विचारलं. हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आत गेलो, पाटीवर चहाचा भाव वाचला, बाहेर आलो. जात कुणी विचारली नाही. विचारायची गरजच ठेवलेली नाही, ते काम आता भाव करतो. आणि वॉचमनवर माझा राग नाही. त्याचे बूट माझ्यापेक्षा फाटके होते.

तुम्ही म्हणाल, हॉटेल नसेल तर जुनी इमारत उभी कशी राहील? छप्पर गळतं, लाकूड सडतं, डागडुजीला पैसा लागतो. खरं आहे. सरकारी ताब्यातल्या कितीतरी शेडवर पिंपळ उगवले. आपली पोरं त्या हॉटेलांत कामाला लागतात, हेही खरं. म्हणून माझा हॉटेलाला विरोध नाही. माझा विरोध आहे तो हॉटेलाच्या नफ्यावर कलेचा शेंदूर फासण्याला. भिंतीवर कामगाराचा मोठा फोटो, खाली नाव नाही. वापरलेल्या बॉबिनचा दिवा. आणि वर्षातून एकदा पोवाडा, तोही आमंत्रितांसाठी.

अरे, कला या वस्तीत बाहेरून आणायची वस्तू होती का? याच चाळींतून अण्णा भाऊ साठे गेले, अमर शेख गेले, नारायण सुर्वे गेले. आंबेडकरी जलसे चौकाचौकांत झाले. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला कामगार रात्री तोंडाला रंग लावून नाटकात उभा राहायचा. त्याला कुणी 'जागा' दिली नव्हती. त्यानं ती घेतली होती. आज त्याच्याच छपराखाली त्याच्या नातवाला तासाच्या भाड्यानं जागा मिळणार असेल, तर ते समाजाचं कलादालन नव्हे, भाड्याचा गाळा आहे.

मग इमारतीचं देणं फेडलं जातंय का, हे ओळखायचं कसं? मला तीन गोष्टी दिसतात. माठ दाखवलाय का? संग्रहालयात चरखी, साचा, चिमणी असेल आणि वेगळा माठ नसेल, तर तो इतिहास मालकाचाच आहे. किल्ली कुणाकडं आहे? कार्यक्रम ठरवणाऱ्यांत वस्तीतली माणसं आहेत, की नुसती टाळ्या वाजवायला बोलावलेली? आणि तिसरं, झाडू मारणारा तिथं कायम आहे की कंत्राटी? ज्या छपराखाली बदली कामगार आयुष्यभर बदलीच राहिला, तिथं पुन्हा तेच चालू असेल तर भिंती जुन्या ठेवल्याचं कौतुक कशाला? व्यवस्थाच जुनी ठेवलीय की!

घरांचंही विसरू नका. म्हाडाची कामगारांसाठीची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज करणारे दीड लाखाहून जास्त. अर्ज भरलेले कित्येक म्हातारे वाट बघत मेले. चिमणीला जागा मिळाली, चिमणीखालच्या माणसाला रांग मिळाली.

शेवटी आपल्या स्वतःच्या दाराशी येऊ. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते दादरच्या इंदू मिलमध्ये शिरले आणि म्हणाले, ही जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाची. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली. ती मिलच होती. तिथंही कुणीतरी पाणी पिऊन गेलं असेल. म्हणून दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न तिथं आपण आपल्यालाही विचारायचे. पुतळ्याची उंची कुणीही सांगेल. मला उंचीपेक्षा सावली महत्त्वाची वाटते. ६ डिसेंबरला मराठवाड्यातून, विदर्भातून गाठोड्यात भाकरी बांधून आलेली म्हातारी तिथं तिकीट न काढता टेकू शकेल का? नळाला तोंड लावून पाणी पिऊ शकेल का? "कुणाकडं जायचंय?" असं तिला कुणी विचारणार नाही ना?

विचारलं, तर तिनं काय उत्तर द्यायचं ते आपण आजच ठरवून ठेवू. तिनं म्हणावं, "कुणाकडं न्हाई बाबा, माझ्याच घरी आलेय."