परांचीवरचा हशा

गवंडीकामाच्या जागी जितका हशा पिकतो तितका कचेरीत पिकत नाही. याचे कारण आमच्या मते गवंड्यांच्या विनोदबुद्धीत नसून त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे. कारकुनाची चूक फायलीत निजते. वकिलाची चूक तर अपिलापर्यंत सुखाने नांदते. पण भिंत ओळंब्यात नसली तर ती वाटेने जाणाऱ्या पोरालाही दिसते, आणि घमेले डोक्यावर उपडे झाले तर ते कोणत्याही खुलाशाने झाकता येत नाही. त्यातून कामावरची माणसे एकाच घरची असली तर विचारायलाच नको. बाप मिस्त्री, धाकटा भाऊ कारागीर, पुतण्या हाताखाली, थोरली सून घमेली वाहणारी आणि मिस्त्रीचा मेहुणा नुकताच गावाहून आलेला, अशी टोळी असली की एकेका फजितीला आयुष्यभर पुरतील इतके श्रोते लाभतात.

आमच्या घराशेजारी एक इमारत उठत होती तेव्हा अशाच एका टोळीचा शेजार आम्हांला वर्षभर लाभला. मिस्त्रीच्या भावाने एकदा खोलीचा कोबा दारापासून घोटायला सुरुवात केली आणि घोटीत घोटीत तो पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पोहोचला. त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती. पुढे ओला कोबा, मागे भिंत, अशा स्थितीत हा गृहस्थ आपल्या कलाकृतीकडे पाहत उभा राहिला, आणि बाहेरून सारे कुटुंब त्याला जेवायला बोलावू लागले. सर्वांत मोठ्याने तोच हसला. मेहुण्याला एकदा ‘डावा ओळंबा’ आणावयास पाठविले. ओळंब्याला उजवे-डावे नसते हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. तो तीन कामांवर फिरला. प्रत्येक ठिकाणच्या मिस्त्रीने गंभीर मुद्रेने त्याला पुढच्या पत्त्यावर धाडले (या बाबतीत गवंड्यांची एकी पाहून कोणत्याही बार असोसिएशनला हेवा वाटावा), आणि दिवेलागणीला तो रिकाम्या हाताने परतला. पुतण्याची कथा तिसरी. परांचीची फळी एका अंगाला बाहेर निघालेली होती. एका टोकाला काका व दुसऱ्याला पुतण्या, अशी ती तोलून राहिली होती. चहा आला, काका उतरले, आणि पुतण्या मालासकट वाळूच्या ढिगात आला.

दुसऱ्याच्या पडण्याला हसावे काय, हा प्रश्न जुना आहे. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर ग्रंथ लिहिला. हसायचे तर हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असा त्याचा अभिप्राय आहे. रंगभूमीपुरते ते खरे असेल. पण पुतण्या पडला तेव्हा आमच्या कानांवर प्रथम जो आवाज आला तो हशाचा नव्हता. “लागलं काय रे?” हा काकांचा प्रश्न प्रथम आला, पोराने डोळ्यांतली वाळू पुसून “नाही” म्हटले, आणि मग हशा आला. म्हणजे येथे हृदय बधिर झाले नव्हते, ते धडधडून मोकळे झाले होते. आप्तांच्या हास्यात आणि परक्याच्या हास्यात हा क्रमाचाच फरक आहे, असे आम्हांस वाटते. परका आधी हसतो. विचारावयाचे सुचलेच तर मग विचारतो.

इथपर्यंत सारे गोड आहे. अडचण आहे ती त्या “नाही” या उत्तरात.

कायद्यानेही थट्टेला थोडी जागा ठेवली आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ९५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३३ म्हणून आले, ते असे सांगते की हानी इतकी किरकोळ असेल की सामान्य समजुतीचा व स्वभावाचा माणूस तिची तक्रार करणार नाही, तर ते कृत्य अपराध नव्हे. तरतूद शहाणपणाची आहे. परंतु ‘तक्रार करणार नाही’ आणि ‘तक्रार करू शकणार नाही’ यांत जे अंतर आहे ते घराच्या उंबऱ्याआड फार लवकर पुसले जाते. मिस्त्रीचा भाऊ कोपऱ्यात अडकला तेव्हा तो हसला, कारण न हसण्याची त्याला मुभा होती. त्याने थापी आपटली असती तर सारे गप्प बसले असते. मेहुणाही हसला. पण तो गावाहून पोटासाठी आलेला, बहिणीच्या घरी जेवणारा, मजुरी किती हे अद्याप न ठरलेला. त्याने तोंड वाकडे केले असते तर “थट्टा कळत नाही” एवढ्या एका वाक्यात त्याचा निकाल लागला असता. सून तर हसतच नव्हती. सासऱ्यांचा पाय घसरला की ती पदर तोंडाशी धरी. पाणसळ लावून भिंत समपातळीत आणणाऱ्या त्या घरात हसू मात्र नेहमी उताराकडेच वाहत असे.

इंग्लंडात १९५७ साली हडसन विरुद्ध रिज हा खटला झाला. कारखान्यातील एका कामगाराला सहकाऱ्यांच्या पायात पाय घालून पाडण्याची खोड होती. सुमारे चार वर्षे ती चालली. मुकादम त्याला वारंवार दटावीत असे, पण त्यापलीकडे काही झाले नाही. शेवटी त्याने एका अपंग सहकाऱ्याला असेच पाडले व त्याच्या मनगटाला इजा झाली. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले. खोडकर माणूस माहीत असून कामावर ठेवणे हे मोडके यंत्र माहीत असून चालू ठेवण्यासारखेच आहे, असा त्या निर्णयाचा आशय. आम्हांला यात महत्त्वाची वाटतात ती चार वर्षे. त्या अवधीत कितीजण पडले असतील आणि उठून हसले असतील! त्यांतील प्रत्येकाच्या हसण्याने ती खोड एकेक दिवस पुढे ढकलली.

फळीचेही तसेच. पुतण्या पडला त्या दिवशी फळी बांधावयास हवी होती. पण दुपारभर हशाच इतका झाला की प्रसंग मिटल्यासारखा वाटला; घटनेची गोष्ट झाली, आणि गोष्टीला दोरी बांधण्याची गरज कोणाला भासते? दुसऱ्या दिवशी तीच फळी तशीच बाहेर निघालेली होती. १९९६ साली इमारत-कामगारांसाठी केंद्राने केलेल्या कायद्याने दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना बंधने घातली; पाचसहा जणांची घरगुती टोळी त्या आकड्याच्या अलीकडेच राहिली. आणि कायदा पोहोचला असता तरी काकांविरुद्ध अर्ज कोण लिहिणार? आमच्या व्यवसायात भाऊबंदकीचे दावे पुष्कळ येतात, पण ते जमिनीचे. वाळूत पडल्याचा दावा घेऊन कोणी पुतण्या आमच्याकडे आलेला नाही.

भाऊबंदांच्या हशाचा सर्वांत महागडा दाखला अर्थातच महाभारतात आहे, आणि तोही एका नव्या इमारतीतला. मयाने बांधलेल्या सभेत दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजला आणि पाण्याला जमीन समजून त्यात पडला. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडी घातले जाणारे वाक्य लोकांत रूढ आहे. मूळ सभापर्वात ते नाही. तेथे प्रसंगाचे वर्णन येते तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. परंतु पुढे हस्तिनापुरी दुर्योधन हीच हकीकत बापाला सांगतो, तेव्हा हसणाऱ्यांत कृष्ण येतो, द्रौपदी येते आणि तिच्या बरोबरच्या स्त्रियाही येतात. पडलेल्या माणसाची मोजणी निराळी असते. युधिष्ठिराच्या आज्ञेने सेवकांनी त्याला तत्काळ कोरडी वस्त्रे आणून दिली होती. तेही तो बापाला सांगतो, आणि त्याचे दुःख आपल्याला अधिक झाले असे म्हणतो.